लेखनाचा चौथा प्रहर : मराठी कथा-कादंबरी आणि लेखनप्रक्रियेचा प्रश्न

गोषवारा

कथा-कादंबरी कशी लिहावी, याची उत्तरे मराठीत प्रामुख्याने दोन प्रकारे दिली गेली. एका उत्तराने लेखन हे प्रतिभेचे गूढ देणे मानले, तर दुसऱ्याने ते शिकता येण्याजोगे तंत्र मानले. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन केले आहे. राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'तील कवींचे कालानुसारी वर्गीकरण आणि कविदिनचर्या यांच्या आधारे काही मराठी लेखकांच्या लेखनरीतींचा येथे विचार केला असून, त्यातून महाविद्यालयीन स्तरावरील सर्जनशील लेखनाच्या अध्यापनासंबंधी काही निष्कर्ष मांडले आहेत.

बीजशब्द : लेखनप्रक्रिया, तंत्र, दत्तावसर, अनुपरीक्षा, पुनर्लेखन, संपादन.

१. प्रास्ताविक

सर्जनशील लेखन हा घटक आता अनेक विद्यापीठांच्या भाषाविषयक अभ्यासक्रमांत समाविष्ट झालेला आहे. त्याचे स्वागतच करावयास हवे. परंतु हा घटक वर्गात ज्या पद्धतीने शिकवला जातो, ती पद्धती मात्र चिंतेचा विषय आहे. ग्रॅहॅम वॉलस यांनी १९२६ मध्ये सर्जनप्रक्रियेच्या चार अवस्था सांगितल्या : पूर्वतयारी, सुप्त परिपोष, स्फुरण आणि पडताळा. या चार अवस्था फळ्यावर लिहिल्या जातात, विद्यार्थी त्या वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत त्यांवर टीप लिहितात. अशा रीतीने लेखनप्रक्रियेवर उत्तम टीप लिहू शकणारा, पण स्वतःची एकही कथा पूर्ण न केलेला विद्यार्थी आपण तयार करतो. प्रक्रियेचे वर्णन म्हणजे प्रक्रिया नव्हे, हा साधा भेद येथे हरवलेला असतो.

प्रत्येक लेखकाला स्वतःची लेखनरीत स्वतःच शोधावी लागते, असे आपण सहज म्हणतो. ते खरेही आहे. मात्र हा शोध नेमका कशाचा असतो आणि त्यात शिक्षकाला काही करता येण्याजोगे आहे काय, हे प्रश्न त्या विधानाने सुटत नाहीत. ते सोडवण्यासाठी प्रत्यक्ष लेखकांनी कोणत्या परिस्थितीत आणि कोणत्या वेळी लिहिले, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरेल.

२. तंत्राची वाट आणि तिचा शेवट

कथनपर साहित्याच्या तंत्राचा पद्धतशीर विचार मराठीत रूढ करण्याचे श्रेय ना. सी. फडके यांच्याकडे जाते. त्यांचे 'प्रतिभासाधन' १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. कथानकाची गुंफण, उत्कंठेची जोपासना, पात्रांची योजना, प्रारंभ आणि शेवट यांविषयी नवोदितांना समजेल अशा भाषेत बोलणारा हा ग्रंथ होता. लेखन ही साधना आहे आणि तिला साधने लागतात, हा त्यामागील विचार आजही टाकाऊ नाही. लेखनाला दैवी प्रसादाच्या कोंदणातून बाहेर काढून कामाच्या बैठकीवर आणणे, हे फडके यांचे मोठे कार्य होय.

परंतु तंत्राचा हा विचार तयार कृतीकडे पाहून केलेला होता. पूर्ण झालेल्या कथेत निरगाठ कोठे बसली आणि ती कोठे सुटली, हे दाखवता येते. लिहीत असताना लेखकाला ती तशी दिसत होती काय, हा प्रश्न वेगळा आहे. इमारतीचा नकाशा पाहून गवंड्याचा दिवस कसा गेला ते कळत नाही. म्हणूनच फडके यांच्या नियमांनी लिहिलेल्या असंख्य कथा सफाईदार झाल्या आणि त्यांतील बहुतेक विस्मरणातही गेल्या.

१९४५ नंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेने हा साचा मोडला. घटनाप्रधान कथानकाची जागा मनोव्यापारांच्या गुंफणीने घेतली आणि मर्ढेकरांच्या लयविचारामुळे या बदलाला सौंदर्यशास्त्रीय आधार लाभला. पुढे मात्र नवकथेचाही साचा झाला. संज्ञाप्रवाह, प्रतिमांची रेलचेल, संदिग्ध शेवट ही तिची वैशिष्ट्ये अनुकरणसुलभ ठरली. साचा जुना असो वा नवा, तो बाहेरून उचलला की लेखकाची स्वतःची रीत घडण्याचे थांबते. एवढा धडा या इतिहासातून निश्चित मिळतो.

३. राजशेखराची चौकट

लेखकाच्या प्रत्यक्ष दिवसाचा विचार आपल्या परंपरेत झालेला नाही, असा समज आहे. तो बरोबर नाही. मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास या तिहींना मिळून काव्याचा एकच हेतू मानले, हे आपण शिकवतो. नवव्या-दहाव्या शतकांच्या संधिकाळात कनौजच्या प्रतिहार राजसभेत वावरलेला राजशेखर याहून पुढे जातो. त्याच्या घराण्याचा महाराष्ट्राशी संबंध होता. आपल्या अकालजलद नामक पूर्वजाचा उल्लेख तो महाराष्ट्राचा चूडामणी म्हणून करतो. त्याच्या 'काव्यमीमांसा' या ग्रंथात कवीचे घर, लेखनसाहित्य, सहवासातील माणसे आणि वेळेचे नियोजन यांविषयी विलक्षण व्यवहारी विवेचन आढळते.

राजशेखर लेखनकाळाच्या दृष्टीने कवींचे चार प्रकार करतो. सूर्यही पाहत नाही अशा एकांतात निष्ठेने लिहिणारा तो 'असूर्यंपश्य'. अशी अखंड निष्ठा नसली तरी लेखनाने झपाटला म्हणजे लिहिणारा तो 'निषण्ण'. चाकरी वगैरे सांभाळून उरलेल्या वेळात लिहिणारा तो 'दत्तावसर'. एखाद्या प्रसंगाच्या निमित्ताने लिहिणारा तो 'प्रायोजनिक'. पहिल्या दोघांना सर्व वेळ मोकळा असतो. दत्तावसराला मात्र रात्रीचा अखेरचा प्रहर, भोजनोत्तर स्वस्थता, पालखीतील प्रवास असे क्षण वेचावे लागतात. प्रायोजनिकाचा वेळ त्याचे प्रयोजन ठरवते.

याच ग्रंथात कवीच्या दिवसाचे चार प्रहरही सांगितले आहेत. पहिला प्रहर अध्ययनाचा, दुसरा रचनेचा, तिसरा काव्यगोष्ठीचा आणि चौथा सकाळी रचलेल्या मजकुराच्या फेरतपासणीचा. ही तपासणी एकट्याने किंवा मोजक्या माणसांसह करावयाची असते. तिची आवश्यकता सांगताना राजशेखर म्हणतो, की रसावेशात रचना करणाऱ्याची दृष्टी विवेचक नसते, म्हणून मागाहून परीक्षा हवी. लिहिणारा आणि तपासणारा हे एकाच व्यक्तीचे दोन भिन्न वेळचे अवतार होत, हे मर्म त्याने हजार वर्षांपूर्वी ओळखले होते.

४. उरलेल्या वेळातील साहित्य

आधुनिक मराठी कथनपर साहित्य हे बव्हंशी दत्तावसरांचे साहित्य आहे. केवळ लेखनावर उदरनिर्वाह करणारे कादंबरीकार मराठीत मोजकेच. श्री. ना. पेंडसे मुंबईच्या 'बेस्ट'मध्ये नोकरीस होते, जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत होते, माडगूळकर आकाशवाणीत होते. ही माहिती आपण लेखकपरिचयात देतो आणि पुढे जातो. तिचा साहित्यरूपाशी काही संबंध आहे काय, हे सहसा पाहत नाही.

माडगूळकरांचे उदाहरण बोलके आहे. 'माणदेशी माणसं' (१९४९) हा व्यक्तिचित्रांचा संग्रह आणि 'बनगरवाडी' (१९५५) ही कादंबरी यांत सहा वर्षांचे अंतर आहे. 'बनगरवाडी'ची रचना पाहिली तर ती कथानकाच्या एका दोरीवर चालत नाही. धनगरांच्या वस्तीत आलेला तरुण मास्तर एकेका माणसाला भेटत जातो आणि त्या भेटींतून वाडी उभी राहते. व्यक्तिचित्र हा माडगूळकरांच्या हाताला बसलेला आकार होता. रेखाटने करणाऱ्या या लेखकाने कादंबरीसाठी निराळे तंत्र शोधले नाही. आपल्या बैठकीत मावेल एवढा घटक घेऊन त्याची साखळी केली. दुष्काळात वाडी उठून जाते तेव्हा वाचकाला जी पोकळी जाणवते, ती या सुट्या चित्रांमुळेच. माणसे एकेक करून आली होती, म्हणून त्यांचे जाणे एकेक करून जाणवते.

पेंडसे यांच्याबाबत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. त्यांचे आयुष्य मुंबईत गेले, पण 'हद्दपार' (१९५०), 'गारंबीचा बापू' (१९५२), 'रथचक्र' (१९६२) या कादंबऱ्या कोकणच्या भूमीतील आहेत. हे अंतर त्यांना बाधक न होता पोषक ठरले असावे, कारण दूर राहिलेला माणूस प्रदेशाला आठवणीतून निवडून घेतो. दुसरे असे, की चार पिढ्यांचा विस्तृत पट मांडणारी द्विखंडात्मक 'तुंबाडचे खोत' १९८७ मध्ये, म्हणजे लेखकाच्या वयाच्या पंचाहत्तरीच्या सुमारास आली. नोकरीच्या काळातील आटोपशीर कादंबऱ्या आणि निवृत्तीनंतरचा हा महाविस्तार यांतील फरक केवळ प्रतिभेच्या भाषेत सांगता येणार नाही. कलाकृतीचा आकार काही अंशी उपलब्ध वेळेचा आकार असतो.

दत्तावसराची नोकरी ही नेहमीच लेखनातील अडथळा असते असेही नाही. विभावरी शिरूरकर यांची 'बळी' (१९५०) ही कादंबरी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या सेटलमेंटमधील कामाच्या अनुभवातून आली. येथे चाकरीच व्युत्पत्ती झाली. त्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) त्यांनी टोपणनावाने प्रसिद्ध केले. त्या काळी अविवाहित, सुशिक्षित स्त्रीच्या मनातील कोंडमारा लिहावयाचा तर आधी स्वतःच्या नावापासून सुटका करून घेणे भाग होते. स्त्रियांनाही पुरुषांप्रमाणे कवित्व असते, असे राजशेखर स्पष्टपणे सांगतो आणि पत्नी अवंतिसुंदरीची मतेही आदराने उद्धृत करतो. पण त्याच्या चार प्रहरांच्या दिवसात गृहकृत्यांना जागा नाही. ज्यांचा कोणताच प्रहर पूर्णपणे स्वतःचा नसतो, त्यांची लेखनरीत कशी घडते, हा प्रश्न त्याच्या चौकटीत राहून जातो. आपल्या वर्गातील अनेक विद्यार्थिनींच्या दृष्टीने तोच पहिला प्रश्न आहे.

५. निमित्त, एकांत आणि झपाटलेपण

ह. ना. आपटे हे प्रायोजनिकाचे ठळक उदाहरण. १८९० मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकासाठी त्यांना दर आठवड्याला मजकूर द्यावा लागे आणि त्यांच्या प्रमुख कादंबऱ्या अशाच क्रमशः प्रसिद्ध झाल्या. त्यांच्या पाल्हाळावर टीका झाली आहे आणि ती अनाठायी नाही. तथापि 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीत हाच पाल्हाळ गुण ठरतो. तेथे यमू आपली कहाणी आपणच सांगते. आठवेल तसे सांगणे, मध्येच थांबणे, मागे जाणे हे त्या निवेदनाला शोभते. साप्ताहिकाची सक्ती आणि आत्मनिवेदनाचा ओघ यांचा मेळ बसला तेथे आपटे श्रेष्ठ ठरले. तो न बसला तेथे तीच सक्ती डोईजड झाली. पुढे १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली आणि मराठी कथालेखकाला वार्षिक प्रयोजन मिळाले. दिवाळी अंकाला पुरेल एवढी लांबी हा मराठी कथेचा एक अलिखित नियमच होऊन बसला.

साने गुरुजींच्या 'श्यामची आई'ची हकीकत सर्वपरिचित आहे. नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी लेखन सुरू झाले आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे ते संपले. पाच दिवसांत पुस्तक, हे ऐकून विद्यार्थी थक्क होतात आणि स्फुरणाच्या सिद्धान्तावर त्यांचा विश्वास बसतो. परंतु या पाच दिवसांच्या आधीचे वर्ष पाहिले पाहिजे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी टिपून घेतली. बोलणाऱ्याचा श्वास, दृष्टान्ताची जागा, ऐकणाऱ्यांची उत्सुकता हे सर्व त्यांच्या लेखणीतून शब्दशः गेलेले होते. त्याआधी अमळनेरच्या शाळेतील आणि वसतिगृहातील मुलांना गोष्टी सांगण्याचा अभ्यास होताच. 'श्यामची आई' प्रकरणांत नव्हे, रात्रींत विभागलेली आहे. ती एका बैठकीत सांगून होणाऱ्या कथनांची मालिका आहे. हात अगोदर तयार झालेला होता. तुरुंगाने एकांत दिला आणि पाच दिवस पुरले.

मौखिक परंपरेतून आलेल्या अण्णा भाऊ साठे यांच्याबाबतही असेच म्हणता येईल. शाहिरी आणि लोकनाट्य यांतून समोरच्या जनसमुदायाला धरून ठेवण्याचा अभ्यास झाल्यावर 'फकिरा' (१९५९) आली. तिच्यातील वेगवान प्रसंग आणि थेट संवाद ही त्या अभ्यासाची खूण होय. शाळेची पायरी जेमतेम चढलेल्या या लेखकाला काव्यगोष्ठीचा तिसरा प्रहर गिरणगावातील श्रोत्यांनी दिला.

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) ही निषण्ण लेखनाचा नमुना मानली जाते. पंचविशीतील लेखकाने गावी राहून ती अल्पावधीत लिहिली. रोजनिशी, बखरीचे विडंबन, महानुभाव गद्याची ढब असे नाना प्रकार तिच्यात एकत्र नांदतात आणि पांडुरंग सांगवीकराच्या आवाजाने ते बांधले जातात. त्याच लेखकाची चांगदेव चतुष्टयातील 'झूल' १९७९ मध्ये आली आणि त्यानंतरची कादंबरी 'हिंदू' थेट २०१० मध्ये. म्हणजे एकाच लेखकाच्या बाबतीत एक कृती झपाट्याची, तर दुसरी तीन दशकांच्या मौनानंतरची. यावरून एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध होते. लेखकाची स्वतःची रीत ही एकदा सापडली की जन्मभर पुरणारी ठेव नसते. कृतीगणिक ती नव्याने शोधावी लागते. जी. ए. यांचा 'निळासावळा' (१९५९) पासून 'रमलखुणा' (१९७५) मधील दोन दीर्घकथांपर्यंतचा प्रवास हेच सांगतो. मधल्या काळात त्यांनी कॉनरॅड रिक्टर यांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. दुसऱ्याचे दीर्घ वाक्य आपल्या भाषेत पेलण्याचा तो सराव त्यांच्या पुढील विस्ताराला उपकारक झाला असावा, असे अनुमान करता येते.

६. चौथा प्रहर कोणाचा?

वरील उदाहरणांत दुसरा प्रहर, म्हणजे प्रत्यक्ष रचना, प्रत्येकाची निराळी आहे. कोणी पहाटे, कोणी तुरुंगात, कोणी अंकाच्या घाईत लिहिले. त्यातून सर्वांना लागू पडेल असा नियम निघत नाही. मात्र पहिल्या आणि चौथ्या प्रहराची उपस्थिती जवळजवळ सर्वत्र दिसते. दीर्घ पूर्वाभ्यास आणि कठोर फेरतपासणी यांशिवाय टिकाऊ लेखन झाल्याची उदाहरणे विरळा.

मराठीत हा चौथा प्रहर काही काळ संपादकांनी सांभाळला. 'सत्यकथा' आणि 'मौज' यांच्या परिवारात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांना सविस्तर पत्रे लिहिली, पुनर्लेखन सुचवले, कथा परत पाठवल्या आणि सुधारून आल्यावर छापल्या. ही राजशेखराची परिमित परिषदच होती. तिचे दोषही होते. एका विशिष्ट अभिरुचीचा पहारा तेथे बसला, असा आक्षेप लघुअनियतकालिकांच्या पिढीने घेतला आणि १९६९ मध्ये 'सत्यकथे'च्या अंकाची होळीही केली. बाबुराव बागूल, भाऊ पाध्ये यांनी लिहिलेले जग त्या अभिरुचीच्या कक्षेत सहज मावणारे नव्हते, हे मान्य करावे लागते. म्हणजे तपासणारा कोण आहे, त्याचे अनुभवविश्व किती व्यापक आहे, यावर चौथ्या प्रहराचे फलित अवलंबून असते. पण परिषद सदोष होती म्हणून परिषदेची गरजच नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. १९८२ मध्ये 'सत्यकथा' बंद पडली. त्यानंतर प्रकाशनाची साधने वाढली. आज लिहिलेले तासाभरात वाचकापुढे ठेवता येते. वाढली नाही ती तपासणारी माणसे. आजच्या नवोदिताला तंत्राची पुस्तके मिळतात, दादही मिळते. 'हे पान पुन्हा लिहून आण' असे सांगणारा मात्र मिळत नाही.

७. अध्यापनाच्या दृष्टीने

येथे महाविद्यालयाची भूमिका स्पष्ट होते. शिक्षकाने विद्यार्थ्याचा दुसरा प्रहर आपल्या ताब्यात घेऊ नये. कथा कोठून सुरू करावी, आराखडा आधी करावा की मागाहून, रोज लिहावे की झपाटल्यावर, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे. त्याऐवजी तीन गोष्टी करता येतील. पहिली, वाचनाचा पहिला प्रहर लेखकाच्या नजरेने भरणे : 'बनगरवाडी'तील एखादे प्रकरण आशयासाठी न वाचता ते कोठे थांबते आणि का थांबते, यासाठी वाचणे. दुसरी, आठ-दहा विद्यार्थ्यांची वाचनबैठक नियमित भरवणे, आणि तिच्यात भिन्न प्रदेशांतील व सामाजिक स्तरांतील विद्यार्थी जाणीवपूर्वक घेणे, म्हणजे एका अभिरुचीची मक्तेदारी होणार नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, मूल्यमापन अंतिम कथेचे न करता मसुद्यांचे करणे. पहिला, दुसरा, तिसरा खर्डा एकत्र सादर व्हावा आणि कोणता बदल का केला याचे लहानसे टिपण त्यासोबत असावे. गुण त्या बदलातील विवेकाला द्यावेत. अवस्थांवरील टीप मात्र प्रश्नपत्रिकेतून खुशाल वगळावी.

याला वेळ लागतो, हा आक्षेप रास्त आहे. शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गात तीन-तीन खर्डे वाचणे एका शिक्षकाला शक्य नाही. म्हणूनच बैठक हवी. विद्यार्थी एकमेकांचे पहिले परीक्षक व्हावेत. दुसऱ्याच्या कथेतील अनावश्यक परिच्छेद ओळखणारा विद्यार्थी हळूहळू स्वतःचाही ओळखू लागतो. बाहेरची परिषद आत उतरली की चौथा प्रहर त्याचा स्वतःचा होतो.

८. समारोप

प्रतिभा शिकवता येत नाही आणि तंत्र शिकवून भागत नाही, या कोंडीत मराठीतील लेखनविचार दीर्घकाळ अडकून पडला. लेखकांच्या प्रत्यक्ष व्यवहाराकडे पाहिले असता या कोंडीतून वाट निघते. लेखनरीत ही लेखकाचा स्वभाव, त्याला मिळालेला वेळ, त्याने आधी केलेला अभ्यास आणि हाती घेतलेली कृती यांच्या तडजोडीतून घडते. ती उसनी आणता येत नाही आणि कायमची हस्तगतही होत नाही. म्हणून विद्यार्थ्याला रीत देण्याचा खटाटोप सोडून, ती शोधण्यास लागणारा अवकाश आणि तपासण्यास लागणारी माणसे त्याला उपलब्ध करून देणे, हेच अध्यापकाचे काम होय. आपल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना दत्तावसरच व्हावयाचे आहे. नोकरी, शेती, घर सांभाळून उरलेल्या वेळात त्यांना लिहावे लागणार आहे. तो वेळ थोडा असेल. त्या थोड्या वेळातील लेखन टिकाऊ व्हावे असे वाटत असेल, तर खोडण्याची आणि पुन्हा लिहिण्याची सवय महाविद्यालयाच्या या तीन वर्षांतच लागावयास हवी.